फक्कीचं घर

फक्की पडेपर्यंत सगळं बरं चाललं होतं. जुनं घर उतरवून महिना झाला होता. पत्र्याच्या शेडमध्ये निचित्यांची सात माणसं कोपराला कोपर लावून राहत होती, आणि तरी महिनाभरात कुणी कुणाला वेडंवाकडं बोललं नव्हतं. जांभूळखोरातल्या लोकांना त्याचंच नवल वाटत होतं. पण त्या बुधवारी सकाळी भगीरथ गवंड्याने खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या, अक्षदाने फक्कीचं घमेलं उचललं, आणि पांढऱ्या रेघांनी अख्खं नवं घर, फुटाला फूट, मोकळ्या जागेवर आखून काढलं. ज्या भिंतींना अजून एक वीटसुद्धा लागली नव्हती, त्यांच्यावरून मग त्या घरात भांडण पेटलं.

सुरुवात हसण्याने झाली. सरिताकाकी चहाचा ट्रे घेऊन शेडमधून निघाली ती सरळ दोन खोल्या तुडवत, मधल्या भिंतीतून आरपार आली.

"काकी, भिंतीतून काय चालतेस? दारातून ये ना!" अक्षदा ओरडली.

"दार कुठं हाय?"

"रेघ तुटलीय ना तिथं. ते दार."

"आगो, निसत्या रेघा तर हायेत. तुझं घर उभं राहीपर्यंत भुतासारखी फिरून घेते. मंग हायेच तुझी दारं."

काकीचं बघून सगळेच सुटले. अक्षदाची आई, शकू, न्हाणीच्या भिंतीतून स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यापाशी उभी राहून हवेतच भाकरी थापून बघू लागली. पूर्वेकडे तोंड होतंय ना, तेवढी तिला खात्री करून घ्यायची होती. अक्षदाचे बाबा, चंदर, ओटीच्या रेघेवर हात मागे बांधून उभे होते. त्यांना कुणी काहीही विचारलं तरी ते एकच म्हणत, "बघू." हयातभर त्यांनी 'बघू' म्हणण्यापलीकडे काही बघितलं नव्हतं, असं शकू म्हणायची.

साईनाथकाका मात्र काम असल्यासारखा फिरत होता. तो कसाऱ्याला रुळांच्या गँगवर मुकादम. खास रजा काढून आलेला. साडेअकराला मुहूर्ताची कुदळ मारायची होती आणि मुरबाडचे गुरुजी मोटरसायकलवर निघाले होते. काका एका कोपऱ्यात उकिडवा बसला, गाल जमिनीला टेकेल इतका वाकला, एक डोळा मिटला आणि रेघेवरून नजर पार टोकापर्यंत नेली. रूळ बघायची त्याची तीच रीत होती.

"लाईन एकदम टकाटक, अक्षू," तो म्हणाला. "आमच्या साहेबालाबी अशी मारता येणार नाय."

अक्षदाला बरं वाटलं. शहापूरच्या बाजारात, कापडवाल्याच्या माडीवर तिचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं आणि पाच वर्षांत तिने बरंच काही बांधलं होतं. पण काकाच्या तोंडून शाबासकी म्हणजे उंबराला फूल. ती चहाचा घोट घेणार तेवढ्यात काका पुढे सरकला, उजव्या अंगाच्या भिंतीशी पुन्हा वाकला आणि थबकला.

"हितं लाईन तुटलीय. फक्की राह्यली वाटतं."

त्याने घमेल्यातून मूठभर फक्की घेतलीसुद्धा.

"राहिली नाहीये, काका," अक्षदा म्हणाली. "दार आहे ते."

"कसलं दार? पुढलं दार ओटीवर. मागलं परसात. हे तिसरं कुठनं काडलंस?"

"त्या खोलीचं."

"बाजूनं? सरळ आंगणात?" काकाने हात पुढे केला. "नकाशा बघू."

तिने नकाशा दिला. न देऊन चाललं नसतं. काकाने तो गुडघ्यावर पसरला, बोट फिरवत फिरवत त्या खोलीवर आणलं आणि मोठ्याने वाचलं, "पाहुण्यांची खोली."

आंगणाच्या कडेला, शेडच्या सावलीत गिरजाआत्या वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले. अक्षदाने ते पाहिलं.

ती चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती एकदा झालेली नव्हती. अक्षदाची ती कामाची रीतच होती. फाट्यावरचा एसटीचा थांबा तिने बांधला, तेव्हा तिला तिथे खांद्याइतक्या उंचीची एक रुंद भिंत हवी होती. डोंगरातल्या वाडीवरून बाया लाकडाचे भारे घेऊन उतरतात. भारा उतरवायला आणि पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. भिंत असली की भारा तिच्यावर टेकवायचा, दम खायचा, पुन्हा मान खाली घालून उचलायचा. पण बायांच्या भाऱ्यासाठी भिंत म्हटली असती तर पंचायतीत कुणी पास केली नसती. म्हणून तिने नकाशावर लिहिलं, 'शोभेची भिंत'. शोभा सगळ्यांना पटली. आज त्या भिंतीवर रोज वीस भारे टेकतात.

शहापुरात एका बंगल्यात मालकाच्या बायकोला एकटीला बसायला खिडकीची जागा हवी होती. मालक म्हणे, बायकोला एकटीला बसून काय करायचंय? अक्षदाने लिहिलं 'स्टोअर'. मालकाने पुढे त्या बंगल्याला चार गोल खांब आणि दोन सिमेंटचे सिंह चिकटवले ते सोडा, पण स्टोअरमध्ये त्याची बायको रोज दुपारी पाय पसरून पेपर वाचते. कागदावर खोटं नाव घालायचं आणि भिंतीत खरी गोष्ट बांधायची. एकदा बांधलं की पाडतंय कोण?

एकाच कामात तिने खरं लिहिलं होतं. पुण्याच्या एका स्पर्धेला, जिथे काही बांधायचंच नव्हतं, तिथे तिने एक घर काढलं होतं. सात माणसं, सात दारं. ज्याला जेव्हा यायचं जायचं, त्याने आपल्या दाराने यावं जावं, आणि सगळी दारं आतून एका चौकात उघडावीत. प्रत्येक दारावर तिने घरातल्या माणसाचं नाव लिहिलं होतं. पहिल्या दारावर गिरजा. त्या घराला बक्षीस मिळालं. सर्टिफिकेटचा फोटो साईनाथकाकानेच गावाच्या, समाजाच्या, गँगच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला होता. कागदावर सात दारं चालली. मातीत एक चालेना.

"पावन्याला सवतं दार कशाला गो?" काका विचारत होता. "पावना पुढल्या दारानं येतो, च्या पितो, दोन दिस राहतो, जातो. त्यापरीस ही जागा माज्या ऋतिकच्या गाडीला सोड. गाडी काय उनात उभी करायची?"

"तसं नाही काका..."

"तूच लिवलंयस ना?"

लिहिलं होतं खरं. कॉम्प्युटरवर आधी तिने 'आत्याची खोली' असंच लिहिलं होतं. मग काकाचा चेहरा आठवला आणि तिने ते खोडून 'पाहुण्यांची' केलं. आत्याला कानात सांगून ठेवलं होतं, "तुझी खोली हां, तुझं दार." काय लिहिलंय ते सांगितलं नव्हतं.

गिरजाआत्या उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिने विचारलं, आणि विचारलं ते काकाला नाही.

"पावनी हाय का गो मी, अक्षू?"

चाळीस वर्षांपूर्वी ही बाई वैशाखऱ्याहून सासर सोडून चालत आली होती. नवऱ्याने दुसरी आणून उंबऱ्यात उभी केली त्याच दिवशी. लोक म्हणत, गिरजा परत आली. ती म्हणायची, "परत आलेली नाय. निघून आलेली." आल्यापासून तिची जागा माजघरात, कणगीच्या आडोशाला. कणगी तिची स्वतःची. वडलांनी ओढ्यालगतचं एक खाचर तिला लावून खायला दिलं होतं, त्यातलं भात दरवर्षी त्या कणगीत पडायचं. घर उतरवलं तेव्हा तिने दुसरं काही मागितलं नाही, फक्त कणगीला कुणाला हात लावू दिला नाही. ताडपत्री घातलेली कणगी शेडच्या तोंडाशी उभी होती.

"बायसाठी हाय हे?" थोरल्या बहिणीला बाय म्हणणाऱ्या काकाच्या आता ध्यानात आलं. तो उभा राहिला. "अगो, बाय घरातलीच हाय! तिला कुणी काय कमी केलंय का? तिला आंगणात सवतं दार काडलंस तर लोकं काय म्हणतील? निचित्यांचं घर फुटलं! दार झालं की चूल होती, चूल झाली की वाटणी. आमच्या बापानं एका दारात सगळी नांदवली."

"लोकं तुमाला नाय, मला बोलतील भावजी," शकू स्वयंपाकघराच्या रेघेतून म्हणाली. ती लेकीच्या बाजूने बोलेल असं अक्षदाला वाटलं होतं, पण आईचा चेहरा घाबरलेला होता. "थोरल्या भावजयीनं म्हातारपणी नणंदेला भायेर घातली म्हणतील. चाळीस वरसं मी कुणाला बोलायला जागा दिली नाय. अक्षू, तो दरवाजा काढून टाक बाई."

"व्हऊ दे की दार!" सरिताकाकीने ट्रे खाली ठेवला. "दोन टायमाला डाळीत मीठ किती, त्यावरनं बायचं नि माजं वाजतंच. सवती चूल झाली तर तिचाबी जीव सुटंल नि माजाबी."

"तू गप!" काका म्हणाला.

"का गप? खरं बोल्ली म्हणून?"

म्हणजे जिच्याकडून आशा होती ती आई उलटली आणि जिची धास्ती होती ती काकी बाजूला आली, तीही मिठापायी. अक्षदाने बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी."

बाबांनी मान खाजवली. "बघू."

"काय बघू? आणखी किती वर्षं बघणार?" अक्षदा भडकली. तिचं शहापूरचं बोलणं गळून पडलं आणि जांभूळखोरचं वर आलं. "आत्या अडुसष्ट वरसांची झाली! बघू बघू करत तिला कणगीमागं निजवलीत तुमी. कापडं बदलायची तर ती न्हाणीत जाती. कुणी भेटायला आलं तर परसात उभ्यानं बोलती. आनि म्हणं कमी काय केलंय!"

"आवाज खाली," काका म्हणाला. "मोटी झालीस म्हणून..."

"मोठी झाले म्हणूनच बोलते. चूक माझी आहे. मी घाबरले आणि खोटं लिहिलं." तिने त्याच्या हातातून नकाशा ओढून घेतला, भगीरथच्या कानावरची पेन्सिल मागितली आणि सगळ्यांसमोर 'पाहुण्यांची' वर फराटा मारला. वर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "गिरजा हिची खोली. हे दार नसेल तर या नकाशावर माझी सही नाही. दुसरा कुणी गाठा."

"सहीवाले मुरबाडात पन्नास बसलेत!"

"मग आणा एक. आणि सर्टिफिकेटचा फोटोपण त्याचाच टाका ग्रुपवर."

ते काकाला झोंबलं. मुठीतली फक्की तशीच होती. तो वाकला, तुटलेल्या रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात नेला, आणि मुकादमाच्या हाताची सरळसोट पांढरी रेघ दाराच्या जागी ओढली.

"झालं," तो म्हणाला. "भिंत. आता गुरुजी यायचे हायेत, तमाशा नको."

भगीरथ खाली बघू लागला. तो वाडीवरचा माणूस. निचित्यांच्या घरात बोलणं त्याला शोभलं नसतं. पण त्याने दोरी गुंडाळायची थांबवली आणि अक्षदाकडे पाहिलं. अक्षदाला ती रेघ पायाने पुसून टाकावीशी वाटली. पाऊल उचललंसुद्धा.

तेवढ्यात गिरजाआत्या उठली. मांडीवरची सालं झटकली, सोललेल्या वालाची टोपली शेडच्या पायरीवर ठेवली, पदर खोचला. डाव्या अंगाच्या शेडपासून मधल्या रेघा ओलांडत सरळ गेलं की ती खोली. सकाळपासून सगळं घर तेच करत होतं. आत्याने तसं केलं नाही. ती बाहेरच्या बाहेर, रेघेच्या कडेकडेने, पूर्ण घराला वळसा घालून गेली. ओटीपाशी चंदरच्या समोरून गेली. उजव्या अंगाला वळली आणि काकाने ओढलेल्या ताज्या रेघेसमोर जाऊन थांबली. चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या.

"साई," ती म्हणाली, "दार उघड."

काका रेघेच्या आत उभा होता. त्याला हसावं का काय करावं कळेना. "बाय, ये की आत. निसती फक्की हाय."

"मघाशी भिंत बोल्लास. भिंत हाय तर भिंतीतनं मी येणार नाय. मी काय भूत नाय. दार उघड."

"आगो, काय पोरखेळ..."

"दार उघड, साई."

आवाज चढला नव्हता. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर येत होती आणि ती डोळेसुद्धा मिचकावत नव्हती. फाट्याकडून मोटरसायकलचा आवाज आला. गुरुजी आले असावेत. शकू घाईने पुढे आली. "अवो बाय, मुहूर्ताच्या टायमाला... या बघू हिकडनं, ओटीवरनं या, तुमचीच ओटी हाय."

"ओटी सगळ्यांची हाय शकू. मी माज्या दारात उभी हाय."

शकूने पदर डोळ्यांना लावला आणि तशीच आत्याच्या शेजारी, रेघेबाहेर, उन्हात जाऊन उभी राहिली. लोक काय म्हणतील हे ती तेवढ्यापुरतं विसरली असावी. मग सरिताकाकीही गेली, जाताना नवऱ्याकडे एक नजर टाकून.

बाबांनी मागे बांधलेले हात सोडले. ओटीवरून उतरून ते आले आणि गुडघ्यावर बसले. तळहात रेघेला लागणार तोच आत्या म्हणाली, "तू नको, चंदर. ज्यानं घातली त्यानं."

"साई," बाबा बसल्या बसल्या म्हणाले. बोलायची सवय नसल्याने आवाज घोगरा निघाला. "बाय उनात उबी हाय. तुला काखेत घेऊन लावणीला जायाची ती. आई बांधावर नि तू हिच्या कमरंवर. तवा तुला कोण पावना बोल्लं होतं का?"

काकाचा चेहरा लाल झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी त्याच्याकडे हसून बघत नव्हतं, आणि तेच त्याला जड गेलं असणार. मोटरसायकल आंगणाच्या कडेला येऊन बंद पडली. गुरुजी उतरून धोतर सावरत उभे राहिले. पुढे यावं की नाही ते त्यांना कळेना.

शेवटी काका खाली बसला. रुळावर बसावं तसा उकिडवा. तळहाताने त्याने रेघ पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माती दिसू लागली. हात पांढराफटक झाला, तो त्याने पँटला पुसला नाही.

"ये बाय," तो खाली मान घालूनच म्हणाला. "उघडलंय."

गिरजाआत्या आत आली. खोलीच्या मधोमध थांबली. एक भिंत बघितली, दुसरी बघितली, जणू विटा लागून रंग होऊन वाळल्या होत्या. खिडकी कुठली ते विचारलं. अक्षदाने दाखवली. मग ती वळली, पुन्हा दारापाशी आली आणि दोन्ही हात दाराच्या दोन टोकांकडे पसरून उभी राहिली.

"किती हाय गो हे?"

"तीन फूट," अक्षदा म्हणाली. तिने डोळे पुसले.

"लहान हाय. माजी कणगी जायाची नाय ह्यातनं."

अक्षदाला रडता रडता हसू आलं, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं आत्या, त्यात काय! भिंत बांधायच्या आधीच कणगी आत ठेवून देऊ. कुणाला कळणारपण नाही."

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की अक्षदाचं हसू जागच्या जागी राहिलं.

"पुरे झाल्या तुज्या युक्त्या," आत्या म्हणाली. "माजी कणगी चोरून जाणार नाय. दार मोटं कर. सगळ्यांच्या देखत कर. ह्या गुरुजींच्याबी."

काकाने अजून खाली बसल्या बसल्याच हात लांब केला आणि फक्कीचं घमेलं अक्षदाकडे सरकवलं.

"साडेतीन घे," तो पुटपुटला. "आनि लाईन सरळ मार."